निंबाखालची सदाफुली

आजच्या लेखाला निमित्त झाले आहे एका पत्राचे. पत्र लोहाऱ्याच्या एका वहिनींचे आहे. लोहारा म्हणजे आपल्या यवतमाळला अगदी लागून असलेले. पत्र अर्धे बागेचे, अर्धे घरचे. वहिनी लिहितात :

'आमच्या आवारात सासऱ्यांच्या वेळचा मोठा निंब आहे. सावली थंडगार, पण त्याच्या खाली काही म्हणता काही येत नाही. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात फुफाटा. परवा पुण्याची भाची आली होती. तिने मोबाईलवर परदेशातल्या एका बागेचे चित्र दाखवले. मोठमोठ्या झाडांखाली जमीन दिसतच नव्हती, सगळा हिरवा गालिचा आणि त्यावर निळी फुले. बारा महिने हिरवा राहतो म्हणे. नाव पेरीविंकल. मराठीत काय म्हणतात ते शोधले तर निघाली सदाफुली! ती तर आमच्या पडक्या भिंतीत आपोआप उगवते. मग निंबाखाली लावली तर येईल का? कशी लावावी, ते लिहा.'

इथवर मी मजेत वाचत होते. खाली ताजा कलम होता :

'सासूबाई रोज सकाळी सदाफुलीची पाच-सहा पाने चावून खातात. त्याने साखर उतरते म्हणतात. दोन महिने झाले, गोळ्या बंदच केल्या आहेत. झाडे जास्त लावली तर त्यांचीही सोय होईल.'

हे वाचल्यावर बाग राहिली बाजूला. मी वहिनींना त्याच दिवशी कार्ड टाकले, की पाने आजपासून बंद करा आणि सासूबाईंना रक्त तपासायला दवाखान्यात घेऊन जा, बाकीचे मागाहून लिहिते. ते मागाहूनचे आता लिहिते आहे. हा प्रश्न काही एकट्या लोहाऱ्याचा नाही. दर चार घरांआड परसात सदाफुली असते, आणि साखरेचे दुखणेही आता खेड्यात घरोघर पोचले आहे.

आधी वहिनींनी विचारले त्याचे उत्तर देते.

भाचीने दाखवलेले झाड आणि आपली सदाफुली ही दोन निराळी झाडे आहेत. घोटाळा नावाचा आहे. भाचीच्या चित्रातले झाड व्हिंका नावाचे. ते युरोपातल्या थंड रानांतले. त्याच्या फांद्या जमिनीवर सरपटतात, सांधा जिथे मातीला टेकेल तिथे मूळ धरतात, आणि असे करत करत सगळी जमीन झाकून टाकतात. सावली त्याला मानवते, कारण त्याचा जन्मच झाडाखालचा. बर्फ पडला तरी पान हिरवेच. पण आपल्या यवतमाळचा मे महिना त्याला कुठून सोसणार? पारा पंचेचाळिसाच्या घरात गेला की आपल्यालाच कूलर सुचतो, त्या बिचाऱ्याचे काय सांगावे. त्याच्या बियाण्यासाठी किंवा रोपासाठी कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

आपली सदाफुली आली मादागास्कर बेटावरून. आफ्रिकेच्या पूर्वेला, हिंदी महासागरात हे मोठे बेट आहे. लिनियस या स्वीडनच्या शास्त्रज्ञाने १७५९ साली हिचे नाव ठेवले तेव्हा फूल सारखे दिसले म्हणून हिलाही व्हिंकातच घातले. पुढे १८३७ साली ती चूक दुरुस्त होऊन हिला कॅथरॅन्थस हे वेगळे नाव मिळाले. पण बाजारातली जुनी नावे लवकर सुटत नाहीत. रोपवाटिकेत आजही हिला व्हिंकाच म्हणतात आणि इंग्रजीत दोघींनाही पेरीविंकल. तशी दोघींची जात एकच, म्हणजे कण्हेरीच्या कुळातली. चाफा, तगर, सर्पगंधा, रुई, सगळी याच गोतावळ्यातली मंडळी. या कुळातली बरीचशी झाडे दिसायला देखणी आणि पोटात जायला वाईट. कण्हेरीचे विष आपल्याकडे पोराटोरांनाही ठाऊक आहे. तिच्या या बहिणीविषयी मात्र आपण निर्धास्त असतो.

आता वहिनींच्याच पत्रात त्यांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. सदाफुली त्यांच्याकडे कुठे उगवते? पडक्या भिंतीत. म्हणजे जिथे माती मूठभर, ऊन दिवसभर, आणि पाणी पडले तरी क्षणभरही न थांबणारे. झाड आपल्या पायाने जिथे जाऊन बसते ती त्याच्या आवडीची जागा समजावी. तेव्हा सदाफुली मूळची सावलीची नव्हे. ती उन्हाची आणि निचऱ्याची. गर्द सावलीत लावली तर मरणार नाही लगेच, पण उजेडाकडे मान काढून काढून लांबोडकी होते, खालची पाने गळतात, आणि फूल दिसायला डोळे शिणतात. मग गालिचा कसला, नुसत्या काड्या.

निंबाखाली आणखी एक अडचण आहे. निंब पाने गाळतो ती फाल्गुनाच्या सुमारास, आणि लगेच नवी पालवी घेतो. म्हणजे त्याची सावली सगळ्यात दाट असते ती नेमकी पावसाळ्यात, जेव्हा खालची जमीन वाळायला थोडे ऊन हवे असते. त्यात आपली काळी माती. एकदा भिजली की आठ-आठ दिवस ओल सोडत नाही. सावली, काळी माती आणि झड, हे तिघे एकत्र आले की सदाफुलीचा बुंधा जमिनीलगत काळा पडतो आणि कालपर्यंत डवरलेले झाड सकाळी माना टाकून उभे असते. उपटून पाहावे तर मुळाचे साल हातात निघून येते.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. लग्न होऊन सासरी आले तेव्हा मला बागेची फार हौस. न्हाणीचे पाणी वाया जाते म्हणून त्या पाटाच्या काठाने मी पंचवीस-तीस सदाफुली लावल्या. श्रावणापर्यंत एकही राहिली नाही. सासरे काही बोलले नाहीत. दुसऱ्या वर्षी त्यांनी त्याच जागी कर्दळ आणि अळू लावून दिले, ते अजून आहे. तेव्हा लक्षात ठेवा, न्हाणीच्या पाण्याला कर्दळ, केळ, अळू. सदाफुली त्या पाण्यापासून चार हात लांब.

मग निंबाखाली काहीच नाही का करायचे? करायचे. पण निंबाची सावली सगळी सारखी नसते, हे आधी पाहून घ्यावे. एखाद्या सुटीच्या दिवशी सकाळी, दुपारी आणि कलत्या उन्हाला आवारात एक फेरी मारा आणि ऊन कुठवर येते तिथे राखेने रेघ ओढा. बुंध्याजवळचा घेर दिवसभर सावलीतच राहतो. पण पूर्वेच्या अंगाला फांद्यांच्या टोकाखाली एक पट्टा असा सापडतो, की जिथे सकाळी चार-पाच तास चांगले ऊन लागते आणि दुपारचा कडाका तेवढा चुकतो. हा पट्टा सदाफुलीचा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात उघड्यावरच्या सदाफुलीपेक्षा या पट्ट्यातली सदाफुली जास्त हिरवी राहते, कारण दुपारी तिची पाने मलूल होत नाहीत. इथे तुमचा बारमाही गालिचा नक्की होईल. गालिचा म्हणजे सरपटणारा नव्हे, गुडघ्याच्या खाली राहणारा दाट झुडपांचा पट्टा.

लावायची रीत सांगते. आषाढ लागला की पसरट कुंडीत किंवा फुटक्या घमेल्यात, खाली भोके पाडून, बी टाका. सदाफुलीचे बी काळे, तिळाहूनही बारीक. ते उगवायला अंधार लागतो, ही गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. वर उघडे टाकले की उगवण फसते आणि मग आपण बियाला दोष देतो. म्हणून वर बोटाच्या पेरापेक्षाही पातळ मातीचा थर द्या, ओले पोते झाका, आणि आठवड्याने रोज उचलून पाहा. कोंब दिसले की पोते काढा. घमेले वळचणीखाली ठेवा, पागोळ्या पडणार नाहीत अशा बेताने.

रोप दीड-दोन महिन्यांचे झाले की लावणीजोगे होते. हलक्या मुरमाड जमिनीत आषाढातच मोठी रोपे मिळाली तर लावायला हरकत नाही. पण काळ्या मातीवाल्यांना माझे सांगणे, पोळा होऊ द्या. तोवर पावसाचा जोर सरतो आणि रोपही अंगाने भरते. वहिनींचे आवार काळ्या मातीचे आहे की मुरमाचे, ते पत्रात नव्हते. ओळखायची युक्ती सोपी आहे. हातभर खड्डा खणून त्यात बादलीभर पाणी ओता. जेवण होईपर्यंत जिरले तर चिंता नाही. संध्याकाळीही तळाशी पाणी दिसत असेल तर सपाट जमिनीत लावूच नका.

अशा जागी वीतभर उंच वाफा करायचा. एक घमेले माती, एक घमेले बारीक मुरूम किंवा जाडी वाळू, एक घमेले चांगले कुजलेले शेणखत. हे मिश्रण पसरायचे आणि कडेला विटा किंवा दगड लावायचे. निंबाच्या जाड मुळ्या लागल्या तर त्या तोडू नका, त्यांना वळसा घाला. आणि वाफ्याची माती निंबाच्या बुंध्याला टेकवू नका, खोडाची साल कुजते. दहा फूट लांब आणि दोन फूट रुंद वाफ्याला वीत-वीत अंतराने तीन ओळींत चाळीसेक रोपे लागतील. युरिया अजिबात नको. कपाशीला टाकताना उरलेली मूठ इकडे फेकायची आपल्याला सवय असते. त्याने पाला माजतो आणि फूल कमी होते.

रोपे वीतभर झाली की शेंडे खुडा. हात आखडू नका. एका शेंड्याच्या जागी दोन-तीन फुटवे येतात आणि त्यानेच जमीन झाकते. वर्षातून एकदा, दिवाळीच्या आगेमागे, झाड एक तृतीयांश छाटून टाका. दोन-तीन वर्षांनी बुडखा लाकडासारखा होतो, तेव्हा मोह न धरता उपटावे. तोवर खाली बी पडून नवी रोपे आलेली असतातच. शेंगा म्हशीच्या शिंगांसारख्या जोडीने उभ्या राहतात. पिवळ्या पडल्या की लगेच तोडाव्या, नाहीतर तडकून बी उडते. गुलाबी, पांढरी आणि लाल डोळ्याची पांढरी शेजारी-शेजारी असतील तर बियापासून मिसळ रंग येतील. एकच रंग हवा असेल तर कोवळ्या शेंड्याची चार बोटे लांब काडी वाळूत खोचा, ती मूळ धरते.

रोग म्हणाल तर बुंधा कुजणे हा एक, तो वर सांगितला. दुसरा तुम्ही तिळावर पाहिला असेल. फुलाच्या जागी हिरव्या पानांचा बारीक गुच्छ येतो आणि सगळे झाड खुरटते. सदाफुलीवर हा पर्णगुच्छ फार लवकर येतो, आणि तुडतुडे तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात. त्यावर फवारा नाही. असे झाड दिसले की मुळासकट उपटून जाळायचे, हिरवे फूल नवलाचे म्हणून ठेवायचे नाही.

बुंध्याजवळच्या गर्द सावलीच्या जागेविषयी माझे मत थोडे वेगळे आहे. तिथे अडुळसा येतो, त्याला शेळीही तोंड लावत नाही आणि खोकल्याला घरात लागतोच. आंबेहळद येते, पण ती उन्हाळ्यात जमिनीत झोपते. मनीप्लँटही जमिनीवर सोडला तर पसरतो. पण खरे विचाराल तर निंबाच्या बुंध्याशी झाडे कशाला हवीत? तिथे माणसे हवीत. दगडाचा एक पार रचून घ्या, बुंध्याभोवती हातभर जागा मोकळी सोडून. दुपारी तूर पाखडायला, संध्याकाळी टेकायला. परदेशात थंडी असते, झाडाखाली बसणार कोण? म्हणून त्यांना गालिचा लागतो.

ही झाली बाग. आता ताजा कलम.

सदाफुलीच्या पानांनी साखर उतरते, हा समज आपल्याच गावचा नाही. वेस्ट इंडीजमधल्या जमैका बेटावरही लोक हिच्या पानांचा काढा साखरेवर घेत. १९५२ साली त्या पानांचे एक पाकीट कॅनडात रॉबर्ट नोबल नावाच्या डॉक्टरांकडे पोचले. त्यांनी आणि चार्ल्स बीअर या रसायनशास्त्रज्ञाने ती पाने प्रयोगशाळेत घेतली. उंदरांना काढा पाजून पाहिला. साखर जागची हलली नाही. मग म्हणाले, पोटातून नाही तर टोचून पाहू. अर्क टोचला, तर काही दिवसांत उंदीर मरू लागले. साखर उतरून नव्हे. त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी इतक्या घटल्या होत्या, की साध्या जंतूंशी झगडायचे बळ अंगात राहिले नव्हते.

दुसरा एखादा म्हणाला असता, विषारी पाला आहे, द्या फेकून. या दोघांनी उलटा विचार केला. रक्ताच्या कर्करोगात पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात. मग ज्याने त्या घटतात ते या रोगावर चालेल का? १९५८ साली त्यांनी पानांतून विनब्लास्टिन हे द्रव्य वेगळे केल्याचे जाहीर केले. पाठोपाठ अमेरिकेत याच पानांतून विनक्रिस्टिन मिळाले आणि १९६३ साली तिथे ते औषध म्हणून मान्य झाले. लहान मुलांचा रक्ताचा कर्करोग तोवर म्हणजे मरणच होते. आज इतर औषधांच्या जोडीने विनक्रिस्टिन देऊन चांगल्या इस्पितळांत त्यातली बहुतेक मुले बरी होतात. आपल्या देशातही हे औषध रोज वापरले जाते. तुमच्या परसातल्या फुलाचे हे मोठेपण आहे, आणि ते मला सांगावेसे वाटते. ज्या मादागास्करचे हे झाड, त्याच्या पदरात मात्र या औषधाच्या पैशातले फारसे काही पडले नाही, हेही सांगून ठेवते.

हे औषध काम कसे करते, ते कापूस पिकवणाऱ्यांना लगेच कळेल. आपल्या शरीरातली पेशी दुभंगून एकीच्या दोन होतात. दुभंगताना पेशीच्या आत बारीक सुताचा एक चाता उभा राहतो आणि ती सुते पेशीतला ऐवज दोन्हीकडे वाटून ओढून घेतात. सदाफुलीची ही द्रव्ये ते सूतच जुळू देत नाहीत. सूत नाही तर वाटणी नाही, आणि पेशी तिथेच मरते. कर्करोगाच्या पेशी भराभर दुभंगतात म्हणून त्या जास्त मरतात. पण अंगात भराभर दुभंगणाऱ्या आणखीही पेशी आहेत. हाडांच्या मगजात रक्त तयार होते तिथल्या, केसांच्या मुळाच्या. औषधाला आपला-परका कळत नाही. म्हणून केस जातात, रक्त कमी होते. विनक्रिस्टिनने हातापायांना मुंग्या येतात, पोट जखडते.

आता प्रमाण पाहा. मोठ्या माणसालाही विनक्रिस्टिन एका वेळी साधारण दोन मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत. मोहरीच्या दाण्याहूनही हलके झाले हे. तेही फक्त शिरेतून. शिरेबाहेर सांडले तर तिथले मांस सडते, म्हणून हात धरून, डोळ्यांत तेल घालून देतात. पानांत हे द्रव्य फारच थोडे असते, शेकडो किलो वाळला पाला गाळावा तेव्हा कुठे ग्रॅमभर हाती लागते. म्हणून पाच पाने खाऊन कोणी लगेच दगावत नाही, हे खरे. आणि तेच फसवे आहे. पानांत या दोनच नव्हेत, तर शंभरावर निरनिराळी क्षारद्रव्ये आहेत. कोणत्या झाडात किती, कोणत्या महिन्यात किती, हे डोळ्यांनी दिसत नाही. प्राण्यांवरच्या काही प्रयोगांत पानांच्या अर्काने साखर थोडी उतरलेली दिसली, हे मी लपवत नाही. पण माणसाला किती पाने, किती दिवस, कोणत्या गोळीबरोबर, हे ठरलेले नाही. गोळी घेऊन वर पाने खाल्ली आणि साखर एकदम खाली आली तर चक्कर येऊन पडायला होते. गोळी सोडून नुसती पाने खाल्ली तर साखर गुपचूप वाढत राहते, आणि ती वाढलेली कळते तेव्हा पायाची जखम चिघळलेली असते किंवा डोळ्यांपुढे अंधारी आलेली असते. पोटुशी बाईने तर ही पाने तोंडातसुद्धा घालू नयेत, गर्भाला धोका आहे. अंगावर पिणारे मूल असेल तिनेही नको.

जनावरांचेही सांगते. गाय, बैल, शेळी उभ्या सदाफुलीला सहसा तोंड लावत नाहीत, पान कडू असते. पण छाटणी केलेला पाला कडब्याबरोबर कुटीत गेला तर त्यांना तो निवडता येत नाही. तेव्हा छाटलेले सगळे उकिरड्याच्या खड्ड्यात पुरा, गव्हाणीच्या आसपास नको. शेंगा हाताळून झाल्यावर मुलांचे हात धुवा.

आणि एक प्रश्न पत्रात नव्हता, पण पाठोपाठ येणार म्हणून आधीच उत्तर देते. एवढे मोलाचे औषध, तर मग वावरात एकरभर सदाफुली लावावी का? तामिळनाडूत शेतकरी ती लावतात, पाने आणि मुळे विकतात. मुळांतही एक द्रव्य निघते, ते रक्ताभिसरणाच्या औषधात जाते. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने निर्मल, धवल अशा जातीही काढल्या आहेत. पण तिथे घेणारा व्यापारी ठरलेला असतो. आपल्याकडे रोपे विकायला येणारे पुष्कळ, पाला घ्यायला परत येणारा विरळा. विकत घेणाऱ्याचे नाव, पत्ता आणि भाव कागदावर सहीनिशी हाती आल्याशिवाय कपाशी-तुरीची एक ओळही यासाठी मोडू नका. औषध लाखमोलाचे असले तरी पाल्याचा भाव पाल्याचाच असतो.

मागच्या आठवड्यात कामानिमित्त यवतमाळला गेले होते, तशीच लोहाऱ्याला जाऊन आले. वहिनींनी निंबाखाली राखेची रेघ ओढून ठेवली होती. पूर्वेला चांगला बारा फुटांचा पट्टा निघाला. खड्ड्यातले पाणी जेवण होऊन पान खाईपर्यंत जिरले, म्हणजे मुरूम आहे. सासूबाई मात्र माझ्यावर रुसल्या होत्या. दवाखान्यात रक्त तपासले तेव्हा जेवणाआधीची साखर अडीचशेच्या वर निघाली. डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या आणि पायाच्या बोटांमधली भेग पाहून रोज पाय धुऊन पुसायला सांगितले.

'चांगली कडू लागायची,' त्या म्हणाल्या, 'कडू खाल्लं की गोड उतरते, आमची माय सांगे.'

मी म्हटले, 'मायच्या वेळी साखर मोजायचे यंत्र होते का?'

'नव्हतं,' म्हणाल्या. जरा थांबून त्यांनी विचारले, 'मग उपटून टाकू काय सगळ्या?'

मी नको म्हटले. फूल देवाला वाहा, बी गोळा करून ठेवा, पान तेवढे तोंडात घालू नका. त्या उठल्या, भिंतीजवळ गेल्या, आणि पिवळ्या पडलेल्या शेंगा एक-एक करून पदरात तोडू लागल्या. पांढऱ्या फुलाच्या वेगळ्या, गुलाबीच्या वेगळ्या. वहिनी म्हणाल्या, एवढे बी झाले तर गल्लीतल्या सगळ्यांनाच पुरेल. मी मूठभर घेऊन आले आहे. आषाढात घमेले भरायचे आहे.